पाय मोडलेली अक्षरं

शाळेत अक्षराचा पाय मोडायला शिकवतात तेव्हा त्याचं कुणाला काही वाटत नाही. क लिहायचा, खाली एक तिरकी रेघ ओढायची, झाला पाय मोडका क. कऱ्हाडच्या आमच्या शाळेत बाईंनी सांगितलं म्हणून आम्ही मोडत गेलो. तो क तोंडाने म्हणून दाखवा, असं कुणी कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर सगळा वर्ग 'क' असंच ओरडला असता, अख्खा, पायासकट. आपल्या प्रत्येक व्यंजनाच्या पोटात एक अ बसलेला असतो आणि तो उच्चारल्याशिवाय आपल्याला ते व्यंजन म्हणताच येत नाही. हे मला चाळिशी जवळ आल्यावर मस्कतमध्ये एका जॉर्जियन बाईच्या स्वयंपाकघरात कळलं. त्यासाठी माझ्या नवऱ्याचा आवाज जावा लागला.

माझा नवरा मालवणी, कुडाळकडचा. एका ओमानी कंत्राटदाराकडे एसीच्या डक्टिंगच्या कामावर सुपरवायझर होता. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, त्यामुळे इथेही मी 'हे'च म्हणणार, आता या वयात सवय मोडत नाही. यांचा आवाज असा, की तळमजल्यावर उभे राहून चौथ्या मजल्यावरच्या माणसाला 'यल्ला, खाली ये रे मेल्या' म्हणाले, की तो माणूस बंगाली असो की पठाण, निमूट खाली यायचा. गणपतीत मंडळाचा माईक बिघडला की लोक यांनाच पुढे करत. मला हे 'अगो' म्हणून हाक मारत आणि मुलीला 'बाय'. वादी अदाईतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात संध्याकाळी दाराच्या आधी जिन्यातूनच 'बाय गो' ऐकू यायचं आणि पोरगी हातातलं टाकून धावायची.

तिचं मराठी अडखळत चालणारं. शाळेत इंग्रजी, बसमध्ये इंग्रजी, टीव्हीवर हिंदी, मराठी फक्त आमच्या दोघांपुरतं. हे तिला मालवणीतून गावच्या गजाली सांगायचे आणि ती इंग्रजीतून प्रश्न विचारायची. मी घाटावरची, मला दोन्हीतलं अर्धंच कळायचं. पण त्या दोघांचं छान जमायचं, आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकत राहायचे.

मुलगी आठ वर्षांची असताना एका उन्हाळ्यात यांचा आवाज बसला. उन्हातून एसीत, एसीतून उन्हात, सर्दी असेल, असं म्हणत यांनी दिवस काढले. सिगारेटवरून मी बोलायचे ते तर यांच्या कानाला सवयीचंच झालं होतं. मधलं सगळं सांगत बसत नाही, ज्यांच्या घरी झालंय त्यांना ठाऊक असतं. गाठ स्वरयंत्रावर होती. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. मानेच्या तळाशी एक भोक कायमचं राहील. श्वास तिथूनच आत जाणार आणि तिथूनच बाहेर येणार, तोंडापर्यंत पोचणारच नाही. खाता येईल, पिता येईल, बोलता येणार नाही. साइटवर इंजिनियरपुढे डोलावत तशी मान हे डॉक्टरांपुढे डोलावत राहिले. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मुलीला कॉटवर शेजारी बसवलं आणि त्या बसलेल्या आवाजात म्हणाले, "बाय, मी आता जरा गप रवतलंय. तू बोल, मी आयकतलंय." ती 'ओके बाबा' म्हणाली.

पण ती बोललीच नाही. हे घरी आले ते गळ्यावर जाळीचा रुमाल बांधून. खोकला आला की तोंड मिटलेलं असायचं आणि खोकला त्या रुमालाखालून यायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ती माझ्या मागे लपली. मग तिने अभ्यास स्वयंपाकघरात हलवला, ओट्याखाली फरशीवर पालथी पडून. मैत्रिणींना घरी आणणं बंद केलं. मी रागावले, समजावलं, एकदा फटकाही दिला. त्याने काय होणार होतं?

यांनी एक पांढरी पाटी आणली, पेनाने लिहायची आणि पुसायची. इंग्रजी लिहिणं यांचा प्रांत नव्हता, त्यामुळे मराठीत लिहायचे. शाळेतल्या हिंदीमुळे तिला अक्षरं येत होती, पण बोट ठेवून एकेक जुळवत वाक्य पुरं होईपर्यंत त्यातली गंमत शिळी व्हायची. ती 'हं' म्हणायची आणि निघून जायची. हॉस्पिटलातून गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळालं होतं. रेडिएशनने यांची मान लाकडासारखी कडक झाली होती, त्यातून शब्द कमी आणि घरघर जास्त यायची. यांनी त्या यंत्रातून पहिल्यांदा 'बाय' म्हटलं तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावून बसली. यांनी यंत्र खोक्यात घालून कपाटावर ठेवून दिलं.

हॉस्पिटलात बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी एक व्यायामही सांगितला होता. तोंडात जी हवा असते तेवढ्यावरच प, त, क काढायचे. हे आरशासमोर उभे राहून खटपट करत राहायचे. पण जन्माची सवय, प म्हटला की पुढचा अ काढायला जायचे. अ ला घशातला आवाज लागतो, आणि तो तर बादलीत टाकून दिलेला. अर्ध्या वाटेत सगळं अडायचं. एकदा मी भाजी निवडत होते, हे आरशापासून आले आणि पाटी माझ्यापुढे धरली. लिहिलं होतं, 'आवाज गेलो तो गेलो. पोरगी लांब जाता हा.' खोटं तरी काय बोलणार? ती खरंच लांब जात होती, रोज थोडी थोडी, आणि आम्ही दोघं बघत होतो.

यांचे मालक, सगळे त्यांना अर्बाब म्हणत, माणूस चांगला. यांना साइटवरून काढून ऑफिसात ड्रॉइंग तपासायला बसवलं. तरुणपणी ते रशियाच्या बाजूला शिकायला गेले होते आणि येताना बायको घेऊन आले होते. बायको जॉर्जियाची. मला आधी वाटलं, अमेरिकेतलं जॉर्जिया. तर नाही, तुर्कस्तानाला लागून एक डोंगराळ देश आहे, तिथली. साठीची, उंच, अबायाची ओढणी सारखी घसरणारी. घरकामाच्या बायकांकडून आणि वाण्यांकडून उचललेली हिंदी बोलायची. त्या हिंदीत प्रत्येक वाक्य हुकूम असायचं. एका शनिवारी ती यांना भेटायला आमच्या घरी आली, वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण भरून घेऊन. अक्रोड आणि वांगं, म्हटलं बाई हौशी दिसते. खाल्ल्यावर मत बदललं.

मी आत होते. यांना पाहुणीसाठी पाणी हवं होतं. मला बोलवायचं असलं की हे ओठ मिटून फोडायचे, शेंग फुटावी तसा आवाज यायचा. प्. मी तांब्या घेऊन बाहेर आले, तर ती बाई यांच्याकडे टक लावून बघत होती. तिने यांना पुन्हा करायला सांगितलं. यांनी पुन्हा केलं. तिने तोच आवाज काढला, हुबेहूब.

"ये हमारा है," ती म्हणाली. "ये हमारा अक्षर है. तुमको कौन सिखाया?"

तिने माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "साँस बंद. गला बंद. मुँह में जितना हवा है, बस उतना." आणि म्हणाली, क्. अडकित्त्यात सुपारी फुटते तसा, कोरडा. माझ्या बोटांखाली तिच्या गळ्यातली गाठ टुणकन वर उडाली. मग उत्साहाच्या भरात तिचा हात यांच्या गळ्याकडे गेला आणि रुमालापाशी थांबला. तिथे उडायला काही उरलं नव्हतं. मग म्हणाली, याला तर गळा बंद करायचीही गरज नाही, याचा कायमचाच बंद आहे. मला त्या बाईचा असा राग आला, की तांब्या तिच्या डोक्यावर ओतावासा वाटला. पण यांचे खांदे हलायला लागले. आवाज गेल्यापासून हसणं म्हणजे खांदे हलणं, आणि ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही कुरुमला तिच्या घरी जायला लागलो. मुलीला कुणाकडे ठेवायचं म्हणून तिलाही न्यायचो. ती स्वयंपाकघराच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून टॅबवर खेळत बसायची.

ती भाषा मी इथे थोडी सांगते. तेहतीस अक्षरं, म्हणजे आपल्या देवांपेक्षा कोटींनी कमी. स्वर फक्त पाच, आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घ नाही, हे ऐकून मला त्या भाषेबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. स्वर हे व्यंजनाच्या पोटात नसतात, वेगळे लिहायचे, वेगळे म्हणायचे. व्यंजन एकटं उभं राहतं. शब्दाच्या तोंडालाच पाय मोडलेल्या अक्षरांची रांग लागते. डोंगराला म्ता म्हणायचं, दुधाला र्द्झे. आपल्या चमच्यातला च आणि चिंचेतला च वेगळे, जाडातला ज आणि जिभेतला ज वेगळे, तसेच त्यांचेही वेगळे, फक्त त्यांना वेगळी अक्षरं आहेत. हिंदीवाल्यांना तो चमच्यातला च जन्मात जमत नाही, आम्हाला फुकट मिळालेला. खलासमधला घशातला ख आणि कहव्याचा खोल क ओमानमध्ये राहून आमच्या कानात बसले होते. म्हणजे निम्मी भाषा आम्ही गावाहून आणली होती आणि पाव ओमानने दिली होती.

उरली ती पाव मात्र कुणाकडेच नव्हती. त्यांच्याकडे प च्या जागी तीन अक्षरं. एक आपला ब. एक फणसातला फ, दोन्ही ओठ मिटून भरपूर हवा सोडायचा. आणि तिसरा हा फोडायचा प्, ज्यात छातीतली हवा वापरायचीच नाही. असंच त चं, क चं, त्स चं, च चं. बाई ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. फ म्हटला की पट्टी उडाली पाहिजे, प् म्हटला की जागची हलता कामा नये.

माझी पट्टी उडायची. दर वेळी. मी श्वास कितीही धरला तरी क च्या मागून तो निसटायचाच. यांची पट्टी हलायचीच नाही, हलणार कशी? बाई माझ्याकडे बघून म्हणायची, तुझी छाती फार उदार आहे.

तिने यांच्यासाठी शब्द निवडून काढले, ज्यांची पहिली अक्षरं तसली फोडायची असतील असे. पुढचे स्वर सोडून द्यायचे, नुसती सुरुवात म्हणायची. दुखण्याला त्यांच्यात त्किविली म्हणतात, यांनी नुसतं त्क् म्हणायचं. पाण्याला त्स्काली, त्यातला क पडजिभेपाशी फुटतो. गंमत म्हणजे त्यांच्या बोलण्यात होकाराला 'हो'च म्हणतात, आपल्यासारखंच. ते कळलं तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो. पण ह म्हणजे नुसता श्वास, तो यांना आता कुठला? मग बाई म्हणाली, आमच्यात होकाराला कि पण म्हणतात. क् म्हण. यांनी क् म्हटलं. तिने परत विचारलं, पाणी हवं का? क्. वांगं आवडलं का? क्. बाई प्रश्नामागून प्रश्न विचारत सुटली आणि हे सुपाऱ्या फोडत बसले. इतक्या महिन्यांनी यांच्या तोंडून उत्तर आलं होतं आणि समोरच्याला ते पाटीकडे न बघता कळलं होतं. मी उठून नळ सोडला आणि उगाच कप विसळत राहिले.

पाण्याचा शब्द मात्र यांना जमेना. त्स् निघायचा, पण पाठोपाठ पडजिभेचा क् यायच्या आत तोंडातली हवा संपायची. किती तरी शनिवार त्यात गेले. एकदा असेच अडकले असताना टेबलाच्या त्या टोकाकडून आवाज आला.

"बाबा, नॉट लाइक दॅट. तुम्ही सगळी एअर पहिल्यालाच देताय."

आणि तिने म्हणून दाखवलं. टॅबवरून मान वर न करता, पोरगी तो शब्द स्वच्छ म्हणाली. बाईने लाटणं खाली ठेवलं. हे उठले नाहीत, हलले नाहीत, जणू फांदीवर पाखरू बसलंय. मग तिच्याकडे बघत त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. ती म्हणाली, "परत." त्यांनी परत केला. ती खुर्चीवरून उतरली, जवळ आली, यांच्या गालावर बोट ठेवून म्हणाली, "इथे सेव्ह करायची, मग मागे." त्या दिवशी तो शब्द काही आला नाही. पण घरी परतताना ती गाडीत यांच्या मागच्या सीटवर बसून घरापर्यंत त्स् त्स् करत आली आणि हे पुढून उत्तर देत राहिले. तिला मी गाडीत एकदाही गप्प केलं नाही.

मुलीला हाक काय मारायची, तेही बाईनेच दिलं. 'बाय' गेलं होतं. फुलपाखराला त्यांच्यात पेपेला म्हणतात, दोन्ही प फोडायचे. प् प्. पुढे महिनाभरात असं झालं की संध्याकाळी जिन्यातून प् प् यायचं आणि पोरगी पुन्हा हातातलं टाकून धावायची. शेजारच्या मल्याळी बाईंना वाटायचं, आम्ही मांजर पाळलंय.

त्या दोघांचे तीसेक शब्द झाले असतील. ते शब्द आता जॉर्जियनही उरले नव्हते, त्यातून कुठल्याही जॉर्जियन माणसाला काही कळलं नसतं. गणिताचं पुस्तक उघडलं की हे कपाळाला हात लावून त्क् म्हणायचे आणि ती खिदळायची. ती असे प्रश्न विचारायची की उत्तर एका क् मध्ये येईल. गावाला तुमच्या घरामागे विहीर होती? क्. तुम्ही त्यात पडला होतात? क्. आजीने मारलं? क् क् क्. सगळी गजाल ती स्वतःच सांगायची आणि हे नुसता शिक्का मारायचे. तिचा चमचासुद्धा सुधारला. इतकी वर्षं हिंदीतला च लावून 'चमचा' म्हणायची, मी टोकून टोकून थकले होते, तो आता बरोबर यायला लागला.

आणि मला, खरं सांगते, हेवा वाटायचा. रात्रंदिवस रुमाल धुणारी मी, भोक साफ करणारी मी, आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखी त्यांच्या तोंडाकडे बघत बसणारीही मीच. मी क् म्हटला की दोघं एकमेकांकडे बघायची. ती म्हणायची, "आई, तू ना, ट्राय नको करू." यांचे खांदे हलायचे. मी लाटणं दाखवायचे.

बाईचं दुःख मला उशिरा कळलं. तिच्या मुलांना तिची भाषा ऐकून कळायची, पण बोलत कुणी नव्हतं. आई होती तोवर फोनवर बोलायची, आई गेल्यावर ते आवाज तिने कुणाशी काढलेच नव्हते. अर्बाबना जुनं थोडं येत होतं, पण घरात अरबीच चालायची. भांडी लावताना स्वतःशी बोलते, म्हणाली. आमची पोरगी 'पाणी' म्हणाली तेव्हा तिने लाटणं का ठेवलं, ते मला त्या दिवशी समजलं. पुढच्या वर्षी अर्बाबनी धंदा मुलाकडे दिला आणि दोघं खाबुऱ्याला त्यांच्या शेतावर राहायला गेली. जाताना तिने मुलीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि अक्रोडांची एक पिशवी दिली. शनिवार बंद झाले, पण तोवर आमचं घर बोलतं झालं होतं. तसं एक वर्ष मिळालं आम्हाला, वर थोडे महिने.

मग ते दुखणं फुप्फुसात निघालं. या वेळी डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. शेवटी हे हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात होते, गळ्याच्या भोकातून नळी घालून श्वासाच्या यंत्राला जोडलेले. तिथे लहान मुलांना सोडत नसत, मोबाईल बाहेर ठेवावा लागे. मी विनवण्या केल्या, अर्बाबनी खाबुऱ्याहून फोन केले. सगळे 'इन्शाल्ला' म्हणाले, दार काही उघडलं नाही. मुलगी शाळेतून यायची, मल्याळी बाईंकडे जेवायची आणि मी येईपर्यंत जिन्यात बसायची.

यंत्रावरची माणसं बोलत नाहीत. त्यांच्या तोंडात नळी असते. यांची नळी गळ्यात होती, तोंड मोकळं होतं. जागे असले की हे बोलायचे. श्वास यंत्र घ्यायचं आणि बोलायचे हे, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता. पहिल्यांदा क् ऐकला तेव्हा नर्स मशिनकडे धावली, तिला वाटलं, कुठला तरी भाग सटकला.

असं करत मी त्या दोघांमधली टपालवाली झाले. सकाळी ती प्रश्न द्यायची, मी तो यांना विचारायचे आणि दुपारी उत्तर घरी आणायचे. पण उत्तर मी 'हो म्हणाले' असं सांगितलेलं तिला चालायचं नाही. "ते कसं म्हणाले तसं म्हण." मी म्हणायचे, क. ती मान हलवायची. हे बाबांचं नाही. पुन्हा म्हणायचे. "आई, हवा येतेय." मग मी यांनाच सांगितलं, तुमच्या मुलीला माझं बोलणं पसंत नाही. तर हे मला शिकवायला लागले. एवढ्या नळ्यांतून, जिभेची जागा दाखवत, क्, क्, पुन्हा क्. मी पलंगाच्या कठड्याला धरून म्हणायचे आणि हे डोळे मिटून नकार द्यायचे. शेजारच्या पलंगापाशी बसलेली ओमानी म्हातारी आमच्याकडे बघायची. तिला काय वाटत असेल, कोण जाणे. मला टॅक्सीतही तोच नाद लागला होता. जमत नव्हतं.

एका सकाळी मी चपला घालत असताना मुलगी दारात आली. मराठीत बोलली, शब्द शोधत शोधत. "आई, बाबांना विचार. ऑपरेशननंतर मी त्यांना घाबरायचे. ते त्यांना कळलं होतं का?"

मी म्हटलं, हे आत्ता कशाला? म्हणाली, "विचार ना."

मी विचारलं. हे जागे होते, पण डोळे जड. थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही, पुन्हा विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात म्हणाले, क्. अगदी स्वच्छ. मी माझ्या मनचं विचारलं, राग आला होता? यांनी मान हलवली, जेवढी हलत होती तेवढी. आणि ओठ दोनदा मिटून उघडले. आवाज आला नाही, पण काय म्हणाले ते मला कळलं.

दुपारी मॉनिटरवरचे आकडे उतरत गेले. मी तिथेच होते, हात धरून. नंतर डॉक्टरांनी यंत्र बंद केलं.

अर्बाब खाबुऱ्याहून निघाले होते, कागदपत्रांचं मी बघतो म्हणाले, तू मुलीकडे जा. शाळेची बस यायच्या आत मला घर गाठायचं होतं. टॅक्सीत मी वाक्य जुळवत होते. तिला कळेल असं मराठी, सोपे शब्द, आधी काय, नंतर काय. वादी अदाईच्या वळणावर एक वाक्य पुरं झालं आणि घरापाशी उतरताना ते पुन्हा सुटलं.

बस आधीच येऊन गेली होती. ती जिन्यात बसली होती, दप्तर पाठीवर तसंच. मला बघून उठली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "विचारलंस? कळलं होतं त्यांना?"

माझा गळा मिटला होता. एवढासा श्वास जरी सुटला असता, तरी मी त्या जिन्यात हंबरडा फोडला असता. शेजारचं दार उघडं होतं. तिच्या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते मला द्यायचं होतं. मी छाती घट्ट धरली आणि म्हटलं, क्.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"परत म्हण."

क्.

"आई, आत्ता बरोबर आलं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा फुलला. "एकदम बाबांसारखं."

मग मला श्वास सोडावाच लागला.